उलट्या दातांचं लुगडं

चंदाच्या हिरव्या लुगड्याला काठाजवळ एक ठिगळ होतं. तळहाताएवढं, जवळजवळ चौकोनी, टाके बारीक आणि सारख्या अंतरावर. लुगडं करवतकाठी होतं. काठाच्या कडेने लाल दातांची रांग, आणि सगळे दात आतल्या बाजूला वळलेले. ठिगळातले दात मात्र बाहेर वळले होते. कापड त्याच लुगड्याचं, नेसल्यावर आत दडणाऱ्या टोकातून कापलेलं. फक्त लावताना ते उलटं लागलं होतं. लुगडं अंगणातल्या दोरीवर वाळत असलं की माझ्या खोलीच्या दारातून पहिल्यांदा तेवढंच दिसे.

मागच्या हिवाळ्यात चुलीतला निखारा उडून तिथे भोक पडलं होतं. लुगडं दिवाळीला घेतलेलं, नवं. वडील बांधीतून, धानाच्या शेतातून, परत यायच्या आत चंदाने दाराआडच्या अंधारात बसून घाईघाईने ठिगळ लावलं. वडिलांना ते त्याच संध्याकाळी दिसलं.

"चंदे," ते म्हणाले, "हे लुगडं चावत नाई काय तुले? दात काढून बसलं आहे."

त्या दिवसापासून घरात त्याचं नाव उलट्या दातांचं लुगडं पडलं, आणि पुढे शेजाऱ्यांच्या तोंडीही तेच बसलं.

मी तेव्हा सिंदेवाहीच्या शेतकी फार्मवर बियाणं तपासायच्या कामावर होते. फार्मला लागूनच असलेल्या गावात चंदाच्या वडिलांनी, वारलूभाऊंनी, मला एक खोली दिली होती. वारलूभाऊ धानाचे शेतकरी. उंच, हडकुळे, बोलायला खमंग. त्यांना गावात एकाच गोष्टीचा तिटकारा होता, आणि नेमकी तीच गोष्ट गावाला सर्वांत जास्त आवडत होती. ती म्हणजे दंडार.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत दंडार होते. पुरुष टिपऱ्या वाजवत गोल धरून नाचतात, मध्ये गाणी होतात, सवाल-जबाब होतात, आणि बाईचं काम पुरुषच लुगडं नेसून करतो. पूर्वी हे दिवाळीपुरतं असायचं. त्या वर्षी मात्र पोळ्यापासूनच तालीम सुरू झाली होती. ढोलकी वाजवणारे आणि दंडारीचे पुढारी नथ्थूभाऊ यांचं अंगण तुडवून तुडवून धानाच्या खळ्यासारखं टणक झालं होतं. माणसं बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालताना पाय टाकत ते तालावर. नथ्थूभाऊंचे बैलसुद्धा ताल चुकला की थांबतात, असं वारलूभाऊंचं म्हणणं होतं. मी त्याची खात्री करून घेतलेली नाही.

"नाचता येत नाई त्याले अंगण वाकडं म्हणतात," वारलूभाऊ सांगत. "इथी उलटं आहे. अंगण सरळ आहे, म्हणून हे वाकडे होऊन राह्यले. कमरेले हिसके देऊन धान पिकते काय? पिकत असता त माह्या बायकोनं मले कधीचं नाचवलं असतं."

"आत्ता काय कमी नाचून राह्यले?" भागीरथाबाई आतून म्हणत. "दंडार कोण्या गावी बी असो, खाचर जुंपून पहिले तुमीच जाता."

"मी खोड काढाले जातो."

हे खरं होतं. वारलूभाऊ एकही दंडार चुकवत नसत. लोकांपासून जरा दूर, खाचराच्या म्हणजे बैलगाडीच्या दांडीवर, अर्धी पाठ नाचणाऱ्यांकडे करून बसत आणि घरी येऊन दोष सांगत. दोष इतके बारीक असत, की ते सांगायला नजर एकदाही हलून चालणार नाही, असं मला वाटे. अर्धी पाठ फिरवून हे कसं साधत असेल, हा प्रश्न मी विचारला नाही.

त्यांच्या दोषांमध्ये सर्वांत मोठा वाटा लटारूचा होता.

लटारू सुगंधाबाईंचा एकुलता एक मुलगा. सुगंधाबाई विधवा, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत. त्यांची बांधी लहान, पण लटारूने ती नीट राखली होती. मुलगा निर्व्यसनी, अंगाने काटक, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू असला की चिखलात दिवसभर वाकलेला. पण दंडारीत तो बाईचं काम करी. त्या बाईचं नाव चंपा. चंपा इतकी गाजली, की बाजाराच्या दिवशी सिंदेवाहीत लोक लटारूला बोट दाखवत आणि "ते पाहा चंपी" म्हणत. तो हसून पुढे जाई.

मागच्या होळीनंतर सुगंधाबाई चंदासाठी विचारायला आल्या. आपल्यातलंच घर, पाहण्यातला मुलगा. वारलूभाऊंनी त्यांना गूळ-पाणी दिलं आणि म्हणाले, "नांगरणी होऊ दे, मंग सांगतो."

नांगरणी झाल्यावर ते "रोवणा झाला की पाहू" म्हणाले. रोवणा झाला. तेव्हा "हलका धान घरी येऊ द्या" म्हणाले. सुगंधाबाई प्रत्येक वेळी येत, प्रत्येक वेळी गूळ-पाणी घेत. नाही म्हणण्यासारखं वारलूभाऊंकडे काही नव्हतं, आणि हो ते म्हणत नव्हते.

एकदा भागीरथाबाईंनी सरळच विचारलं, "पोट्ट्यात वाईट काय आहे, ते एकदा सांगून टाका."

"वाईट काई नाई," वारलूभाऊ म्हणाले. "पण त्याच्या घरी पहिलेच एक बाई आहे."

"कोणती?"

"चंपी. मी माही पोरगी सवतीवर देऊ काय?"

भागीरथाबाई हसल्या, शेजारीण हसली. दाराशी बसून मोहाच्या टोऱ्या, म्हणजे बिया, फोडणारी चंदा हसली नाही. तिने टोरी जरा जोरात फोडली, एवढंच. हा विनोद पुढे गावभर फिरला. सुगंधाबाईंच्या कानावरही गेला असणार, कारण दसऱ्यानंतर त्या आल्या तेव्हा त्यांनी गूळ-पाणी घेतलं नाही.

"वारलूभाऊ," त्या उभ्यानेच म्हणाल्या, "माह्या भावानं चामोर्शीकडची पोरगी पाहून ठेवली आहे. ते लोक जबाब मागून राह्यले. मंडईपर्यंत मी थांबतो. मंग मले तिकडे हो म्हणा लागन."

"मंडई होऊ दे," वारलूभाऊ म्हणाले.

"मंडई झाल्यावर नाई. मंडईपर्यंत."

त्या गेल्यावर चंदा बराच वेळ अंगण झाडत होती. झाडलेलंच अंगण पुन्हा झाडत होती.

त्या दिवसांत मी हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाच्या लोंब्या गोळा करत होते. एका दुपारी वारलूभाऊंच्या बांधीत गेले असताना ते धुऱ्यावर येऊन बसले.

"बाई, तुमी सायन्स शिकल्या. मले सांगा, माणूस लुगडं नेसला म्हणजे त्याचं काय होते?"

"लुगडं नेसलेला माणूस होतो," मी म्हणाले.

"बस?"

"बस."

ते एक लोंबी तोडून बोटांत चुरत म्हणाले, "लोक मले हसले त हसो. मी बी लोकाले हसतो. पण उद्या माही पोरगी बाजारात जाईन, अन् मागून कोणी म्हणन, ते पाहा नाच्याची बायको चालली. हे तिले सोसन काय? मुकी आहे ती. घरात येऊन चुलीपाशी रडन, अन् सांगणार बी नाई कोणाले."

"तुम्ही तिला विचारलंत?"

"पोरीले कोणी असं विचारते काय?" ते म्हणाले, आणि उठून गेले. तेव्हा मला त्यांची अडचण कळली. लटारूबद्दल त्यांची तक्रार नव्हती. हसणाऱ्या लोकांची त्यांना भीती होती, आणि ती चंदाच्या वाटची होती.

चंदा खरोखरच कमी बोले. संध्याकाळी ती माझ्या खोलीत येऊन बियाण्याच्या पिशव्या झटकायला मदत करी. मंडईला थोडे दिवस राहिले असताना तिने विचारलं, "बाई, एखादी गोष्ट तोंडानं सांगता येत नसन, त कशी सांगतात?"

मी प्रश्नाकडे फार खोलवर पाहिलं नाही. हातातल्या पिशवीकडे पाहून म्हणाले, "ही पिशवी कुठे बोलते? आम्ही तिला खूण बांधतो. खूण पाहिली की कोणत्या बांधीतलं बियाणं आहे ते कळतं."

"अन् खूण उलटी लागली त?"

"लागू दे. उलटी खूण तर जास्तच लक्षात राहते."

तिने पिशवी झटकून घडी केली आणि बाकीच्या पिशव्यांवर ठेवली.

आमच्या गावात दंडारीच्या लुगड्याची एक रीत होती. चंपाचं काम करणाऱ्याने स्वतःच्या घरचं लुगडं नेसायचं नाही. ते दुसऱ्या घरून मागून आणायचं, तेही लग्न झालेल्या बाईचं. दंडार झाली की दुसऱ्या दिवशी लुगडं धुऊन, घडी करून, घडीत मूठभर तांदूळ घालून परत करायचं. कुमारिकेचं लुगडं कधी मागत नसत. कारण विचारलं तेव्हा भागीरथाबाई म्हणाल्या होत्या, "पोरीचं लुगडं ज्याच्या अंगावर, त्याच्याच दोरीवर मंग तिचं पोलकं वाळते, असं म्हणतात."

मंडईच्या आदल्या दिवशी नथ्थूभाऊ आमच्याकडे आले. त्यांच्या मागे त्यांची बायको आशाबाई, हातात गाठोडं. कपडे गोळा करायचं काम तिचं.

"भागीरथाबाई, एक लुगडं द्या वो चंपीसाठी," नथ्थूभाऊ म्हणाले. "यंदा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. नवीन राज्यातली पहिली दंडार आहे."

"राज्य बदललं," वारलूभाऊ खाटेवरून म्हणाले, "पण तुमच्या लोकाचे पाय तेच राह्यले. माह्या घरची चिंधी बी भेटणार नाई."

"अरे, पण तू येशील का नाई पाहाले?"

"येईन. खोड काढाले."

"काय खोड आहे आमच्या चंपीत?"

वारलूभाऊ उठून बसले. हा प्रश्न त्यांना कोणी इतक्या सरळपणे विचारला नव्हता. "तिले लाजता येत नाई," ते म्हणाले. "बाकी सारं येते. चालणं येते, मुरडणं येते. पण लाजाची वेळ आली की तुहा लटाऱ्या पदर वढते, डोयावर घेते अन् बोटं चावते. बाई अशी लाजते काय? खरी लाज आली की पहिले मान खाली जाते. पदराची आठवण मंग होते. सांग त्याले."

"तूच सांग, बा. तुह्यापेक्षा कोणी नाई पाह्यलं त्याले."

भागीरथाबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. नथ्थूभाऊ हसत गेले. आशाबाई जराशी मागे राहिली, विहिरीवर पाणी प्यायला. विहिरीवर चंदा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीवर हिरवं लुगडं नव्हतं. मला ते जाणवलं, कारण रोजची जागा मोकळी होती.

मंडई गावाबाहेर आखरावर, गुरं जमतात त्या मोकळ्या जागी, भरली. दुपारचं ऊन निवायला लागलं होतं. आजूबाजूच्या गावांची खाचरं उभी होती. जिलेबीची कढई, बांगड्यांची दुकानं, शेंगदाण्याचे ढीग, आणि मध्ये माणसांचं मोठं गोल कडं. मी भागीरथाबाईंबरोबर बायकांमध्ये बसले. समोरच्या बाजूला चंदा मंगली नावाच्या मैत्रिणीबरोबर उभी होती. तिने जुनं पिवळं लुगडं नेसलं होतं. आमच्या डाव्या हाताला, खाचराच्या दांडीवर, वारलूभाऊ अर्धी पाठ करून बसले होते. त्यांच्याजवळ शेजारचा बुधू होता.

टिपऱ्या सुरू झाल्या. मुलं बरी नाचत होती. वारलूभाऊंचा आवाज मधूनमधून येत होता.

"तो पाहा, बगळा चिखलात फसल्यासारखा पाय उचलते."

"तुमाले जमन काय, भाऊ?" बुधू म्हणाला.

"मले कायले जमाले पाहिजे? मी कोंबडा नाई, तरी सकाळ झाली ते मले समजते."

मग नथ्थूभाऊंनी ढोलकीवर थाप मारली आणि चंपा आली. डोक्यावर पदर, कपाळावर कुंकू, पायात चाळ. हिरवं लुगडं. आशाबाईने नेसवताना ठिगळ बरोबर समोर, उजव्या गुडघ्याच्या वर आणून ठेवलं होतं. सहज नेसवलं असतं तर ते निऱ्यांमध्ये दडलं असतं.

लटारूला काही माहीत नसावं. त्याला तयार करून घाईघाईने मैदानात ढकललं होतं. तो नेहमीसारखा आला, नेहमीसारखा मुरडला, एक फेरी घेतली. फेरीत लुगडं फुललं, आणि बाहेर वळलेले लाल दात सगळ्या कड्यासमोरून फिरले.

"अवो माय," मंगली मोठ्याने म्हणाली, "दात!"

पहिल्यांदा आमच्या गावच्या बायका हसल्या. मग त्या का हसतात हे बाकीच्यांना कळलं आणि हसू पुढे सरकत गेलं. रीत सगळ्यांना ठाऊक होती, लुगडंही आमच्या गावाला ठाऊक होतं. भागीरथाबाईंनी माझा हात घट्ट धरला. मी वारलूभाऊंकडे पाहिलं. त्यांची पाठ आता कुणाकडेच नव्हती. ते पूर्ण वळले होते.

लटारूने लोक कशाकडे पाहतात हे बघायला खाली नजर टाकली. ठिगळ त्यालाही माहीत होतं. बाजारात, विहिरीवर त्याने ते कितीदा पाहिलं असेल. त्याचे पाय थांबले. ढोलकी पुढे गेली आणि तो मागे राहिला. त्याने समोर चंदाकडे पाहिलं. चंदा त्याच्याकडेच पाहत होती. मग त्याची मान हळूहळू खाली गेली. हात लोंबकळत राहिले. पदराची आठवण त्याला फार उशिरा झाली.

"हां!" खाचराकडून आवाज आला. "असं! हे बरोबर!"

वारलूभाऊ दांडीवर उभे राहिले होते. आपण बोललो हे त्यांना नंतर कळलं असावं, कारण ढोलकी बंद झाली आणि सगळं कडं त्यांच्याकडे वळून बघू लागलं तेव्हा ते खाली बसायला विसरले.

मागून कोण्या परक्या गावच्या माणसाने ओरडून विचारलं, "कोणाचं आहे गा लुगडं?"

वारलूभाऊंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ते ज्याला भीत होते, तेच झालं होतं, आणि भर मंडईत. लोक हसत होते, आणि हसू चंदाच्या अगदी जवळ येऊन थांबलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"माहं आहे!" चंदा म्हणाली. एवढ्या मोठ्याने बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "दात मोजाचे आहे काय?"

हशा उसळला. चंदाही हसत होती, मंगलीच्या खांद्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. विचारणारा माणूस गर्दीत मागे सरकला. नथ्थूभाऊंनी पुन्हा थाप मारली, आणि लटारू कसाबसा नाचायला लागला. त्या दिवशी तो चांगला नाचला नाही, हे मलाही समजलं. पण चंपा इतकी कधी रंगली नव्हती, असंच लोक पुढे सांगत राहिले.

वारलूभाऊ खाली उतरून बैल जुंपायला लागले.

"काऊन? इतक्यात?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"बैलाले पाणी पाजाचं आहे."

बैलांना पाणी येतानाच पाजलं होतं. घरी गेल्यावर ते जेवले, बैलांसमोर तणस टाकली आणि झोपले. दंडारीतला एकही दोष त्यांनी सांगितला नाही. चंदा ताटं घासून आत गेली. तिचं हसू मंडईतच संपलं होतं. सुगंधाबाईंची मुदत त्या संध्याकाळीच सरली होती.

सकाळी मी ओट्यावर लोंब्या निवडत बसले होते. सुगंधाबाई आल्या. सोबत नथ्थूभाऊ. लटारू त्यांच्या मागे, फाटकाच्या बाहेरच थांबला. धोतर, सदरा, कपाळावर कुंकवाचा पुसट डाग राहिलेला. सुगंधाबाईंच्या हातात हिरव्या लुगड्याची घडी होती, धुतलेली, अजून जराशी ओलसर.

"लुगडं वापस आणलं," त्या म्हणाल्या.

भागीरथाबाई घ्यायला पुढे झाल्या. वारलूभाऊंनी हात आडवा केला आणि घडी स्वतः घेतली. खाटेवर बसून ती उघडली. तांदूळ मांडीवर सांडले. त्यांनी ठिगळ शोधून काढलं, त्यावरून अंगठा फिरवला, टाके ओढून पाहिले. आत चुलीपाशी काहीही वाजत नव्हतं. चंदा तिथेच होती.

"दात उलटे त उलटेच," ते म्हणाले. "पण टाका पक्का आहे. कुठी उसवला नाई. एवढा नाचला, तरी नाई."

"वारलूभाऊ," सुगंधाबाई म्हणाल्या, "चामोर्शीले मले आज निरोप धाडाचा आहे."

"धाडा."

नथ्थूभाऊंनी खाली पाहिलं. फाटकाबाहेर लटारूने पाय बदलला.

वारलूभाऊंनी मांडीवरचे तांदूळ एकेक करून वेचले, पुन्हा घडीत घातले, घडी पहिल्यासारखी केली. मग उठून ती सुगंधाबाईंच्या हातात परत दिली.

"हे कायले?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"राहू द्या तुमच्याच घरी. माह्या घरून घेऊन जाईन कोण, वापस आणन कोण." त्यांनी फाटकाकडे पाहिलं आणि आवाज चढवला, बहुतेक आत चुलीपर्यंत जावा म्हणून. "लटाऱ्या! नाचाचं असन त नाच. पण काल मान जशी खाली गेली, तशी जाऊ देत जाय. अन् सुगंधाबाई, चामोर्शीले निरोप धाडा, का तुमच्या पोरीसाठी दुसरा पोरगा पाहा. चंदा म्या तुमच्या घरी देली."